पाच महिने ठेवीदारांच्या राशीतून मी काय कापत होतो

बहरीनला येऊन मला आठ वर्षं होतील आता. त्याआधी इचलकरंजीत एका सहकारी बँकेत होतो, ठेवी विभागात, म्हणजे एफडीचं व्याज, टीडीएस, १५एच फॉर्म घेऊन येणारे आजोबा, मार्चएण्डला रात्री अकरापर्यंत बसणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. त्यामुळं इथल्या इस्लामिक बँकेच्या फायनान्स डिपार्टमेंटला नोकरी लागली तेव्हा मला वाटलं की काय असणार, व्याजाला दुसरं नाव असेल, फॉर्म्युला तोच. बऱ्याच लोकांना असंच वाटतं, गावाकडं गेलो की मित्र पण हेच विचारतात, की अरे व्याज हराम म्हणता आणि महिन्याला पैसे तर देता, मग देता काय? आधी मी पण हसून सोडून द्यायचो. यंदा जे झालं त्यानंतर मात्र नीट सांगावंसं वाटायला लागलं. बँकेचं नाव लिहीत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

आधी माझं काम काय ते सांगतो. आमच्या टेबलला प्रॉफिट डिस्ट्रिब्युशन म्हणतात. दर महिना संपला की ठेवीदारांना किती नफा द्यायचा ते काढायचं. इथं एफडीसारखा रेट आधी ठरलेला नसतो. ठेवीदार पैसे देतो, बँक ते धंद्यात लावते, नफा झाला तर ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, तोटा झाला तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा, बँकेची मेहनत फुकट गेली एवढंच. बँकेनं हलगर्जीपणा केला, करार मोडला तर मात्र भरून द्यायचं. ह्याला मुदारबा म्हणतात, पैसेवाला तो रब्ब अल-माल आणि धंदा बघणारा तो मुदारिब. करारात टक्के असतात ते नफ्याचे, ठेवीच्या रकमेचे नाही, आणि हा फरक माझ्या डोक्यात शिरायला पहिले दोन महिने गेले.

खरं तर शिरायला हवा होता लवकर, कारण आमच्या घरी हेच चालायचं. वडील नोकरीला होते, शेत अर्धलीनं दिलेलं. शेत आमचं, कष्ट त्याचे, खळ्यावर रास पडली की अर्धी अर्धी. पावसानं दगा दिला तर आम्हाला पण काही नाही आणि त्याला पण काही नाही. फक्त भांडणं व्हायची ती राशीची नाही व्हायची, ती व्हायची खर्चाची. बियाणं कुणी आणायचं, खत अर्धं अर्धं का, मळणीवाल्याचं भाडं वाटणीच्या आधी काढायचं का नंतर. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर पहिल्याच महिन्यात मी चूक केली. जून महिना होता. मी सरळ महिनाअखेरचे बॅलन्स घेतले आणि त्यावर नफा वाटला. आमची सुपरवायझर सुदानची आहे, तिथल्या वाद मदनी शहरातली, पन्नाशीतली बाई, वीस वर्षांहून जास्त ह्याच कामात. तिनं शीट उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एका कंपनीनं २८ तारखेला २० लाख दिनार टाकलेले. माझ्या हिशोबात ते महिनाभर कामाला होते. ती म्हणाली ह्यांचे पैसे तीन दिवस राबलेत, तीन दिवसांचंच दे. ३० पैकी ३ दिवस, म्हणजे सरासरी २ लाखच धरायचे. मी २० लाख धरले होते, आणि ती जास्तीची रक्कम बँकेच्या खिशातून जात नव्हती, ती जात होती जे महिनाभर पैसे ठेवून बसलेत त्यांच्या वाट्यातून. एफडीत तुम्ही एखाद्याला चुकून जास्त व्याज दिलं तर बँकेचं नुकसान होतं, शेजारच्या ठेवीदाराचं काही जात नाही. इथं एकच रास आहे, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडी भीती वाटली ह्या कामाची.

दुसरी गंमत म्हणजे दिनार. एका दिनारचे १००० फिल्स, म्हणजे दशांशानंतर तीन आकडे. मी रुपयातला माणूस, एक्सेल दोन दशांशावर सेट करून बसलेलो. आणि ३१ हजार खाती. प्रत्येकाचा अर्धा फिल्स इकडंतिकडं झाला तरी महिन्याला १५ दिनार आणि वर काही फिल्स शिल्लक राहतात. मी ते बँकेच्या किरकोळ उत्पन्नात टाकले. बाईंनी ती एंट्री उलटी करायला लावली, म्हणाल्या वरचे फिल्स पण ठेवीदारांचेच, पुढच्या महिन्याच्या पूलमध्ये टाक, पूल म्हणजे धंद्यात लावलेल्या सगळ्यांच्या पैशांची एकत्र रास. असंच एकदा कारच्या हप्त्याला उशीर झाला म्हणून घेतलेला दंड मी उत्पन्नाला जमा केला होता, तो तर लगेच चॅरिटीच्या खात्यात गेला, बँकेनं त्याला हात पण लावायचा नाही.

आता आकडे. समजा पूल १० कोटी दिनारचा आहे. त्यात ठेवीदारांचे ८ कोटी, बँकेचे स्वतःचे २ कोटी. बँकेचे म्हणजे शेअरहोल्डरचे, आणि करंट अकाउंटचे पण. करंट अकाउंट हे बँकेनं घेतलेलं कर्ज धरतात, कर्द म्हणतात त्याला, मागाल तेव्हा पूर्ण परत द्यायची हमी बँकेची, म्हणून त्यावरचा नफा पण बँकेचाच. ज्याच्या गळ्यात जोखीम त्याच्या पदरात फळ, असा एक जुना अरबी नियमच आहे, अल-खराज बिल-दमान. पूलमधले पैसे कुठं जातात तर मुराबाहात, म्हणजे बँक गाडी किंवा माल विकत घेते आणि नफा चढवून तुम्हाला हप्त्यानं विकते, इजारात म्हणजे घर घेऊन भाड्यानं देते आणि शेवटी तुमच्या नावावर करते, शिवाय सुकूक, म्हणजे मालमत्तेत वाटा देणारे इस्लामिक रोखे.

महिन्याचं उत्पन्न ५ लाख आलं. त्यातून थेट खर्च आणि बुडीतासाठीची तरतूद मिळून २० हजार गेले, राहिले ४ लाख ८० हजार. ८० टक्के पैसे ठेवीदारांचे म्हणून ३ लाख ८४ हजार त्यांच्या बाजूला, ९६ हजार बँकेच्या. ठेवीदारांच्या बाजूतून आधी २४ हजार एका रिझर्व्हला, त्याला प्रॉफिट इक्वलायझेशन रिझर्व्ह म्हणतात, आम्ही पीईआर म्हणतो. राहिले ३ लाख ६० हजार, त्यातला ४० टक्के मुदारिबचा वाटा म्हणजे बँकेचा, १ लाख ४४ हजार. राहिले २ लाख १६ हजार. त्यातून अजून १६ हजार दुसऱ्या रिझर्व्हला, तो इन्व्हेस्टमेंट रिस्क रिझर्व्ह. उरले २ लाख. ८ कोटीवर २ लाख म्हणजे महिन्याला पाव टक्का, वर्षाला ३ टक्के.

दोन रिझर्व्ह दिसायला सारखे वाटतात पण कापायची जागा वेगळी आहे आणि सगळी गोम तिथंच आहे. पीईआर मुदारिबचा वाटा काढायच्या आधी कापतात, म्हणजे त्या २४ हजारात ९ हजार ६०० बँकेचे सोडलेले आहेत आणि १४ हजार ४०० ठेवीदारांचे, ताळेबंदात पण तसेच दोन ठिकाणी दाखवायचे. दुसरा रिझर्व्ह वाट्यानंतर कापतात म्हणून तो पूर्ण ठेवीदारांचाच, उद्या पूलला तोटा झाला तर उशी म्हणून. पीईआर तोट्यासाठी नसतो, तो महिन्यामहिन्याचा नफा सपाट दिसावा म्हणून. चांगल्या महिन्यात थोडं ठेवायचं, वाईट महिन्यात काढायचं. २०२० ला करोनात इथं हप्ते सहा महिने पुढं ढकलले गेले, मुराबाहात एकदा विक्रीचा भाव ठरला की वाढवता येत नाही, त्यामुळं पूलचं उत्पन्न दबलं, तेव्हा हा रिझर्व्ह उघडला आणि ठेवीदारांना फारसं काही जाणवलं पण नाही.

इथं माझं एक मत आहे, ते बाईंना पण माहितीये. मला जी शीट मिळाली, माझ्या आधीच्या माणसाची, त्यात शेवटच्या खान्यात ३ टक्के आधी लिहिलेले होते आणि वरच्या पीईआरच्या खान्यावर गोल सीक लावलेलं, एक्सेलमधली सोय, हवं ते उत्तर सांगितलं की त्याला जुळणारा आकडा शोधून देणारी. म्हणजे उत्तर आधी, गणित नंतर. कारण समोरच्या रस्त्यावरची साधी बँक ३ देत असेल आणि आम्ही २.४ दिले तर लोक पैसे उचलून तिकडं जातात, व्याज हराम असो नसो. ह्याला नाव पण आहे, डिस्प्लेस्ड कमर्शियल रिस्क, म्हणजे जोखीम कागदावर ठेवीदाराची असते पण बाजाराच्या भीतीनं बँक ती स्वतःच्या अंगावर घेते. पीईआर कमी पडला तर बँक स्वतःच्या ४० टक्क्यातलं सोडते, भेट म्हणून. मला हे सगळं वाईट वाटत नाही, प्रत्येक पायरीची एंट्री आहे, प्रत्येक आकडा दाखवावा लागतो, पण नफा झाला तसा वाटला असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला ते गोल सीक आठवतं.

आणि ह्या ८ कोटीला ताळेबंदात ठेवायचं कुठं, हा वेगळाच तमाशा. सहकारी बँकेत ठेव म्हणजे देणं, विषय संपला. इथं भांडवलाची हमी नाही म्हणून ते देणं नाही, आणि त्यांना मतदानाचा हक्क नाही, मुदत संपली की पैसे घेऊन जातात म्हणून ते भागभांडवल पण नाही. आयोफी म्हणून संस्था आहे, इस्लामिक बँकांचे अकाउंटिंगचे नियम करणारी, ऑफिस इथंच मनामात, १९९१ पासून. त्यांच्या नियमानं देणी आणि शेअरहोल्डरची इक्विटी ह्यांच्या मध्ये तिसरा कप्पा असतो, इन्व्हेस्टमेंट अकाउंटहोल्डर्सची इक्विटी. पूर्वी ह्यासाठी एफएएस ५ आणि ६ असे दोन नियम होते, २०१६ पासून दोन्ही मिळून एफएएस २७ झाला, आणि आता २०२६ च्या जानेवारीपासून एफएएस ४५, त्यात ह्या कप्प्याला क्वासी-इक्विटी म्हणतात. ज्या ठेवीदारानं अमुकच ठिकाणी पैसे लावा असं बांधून दिलंय आणि बँक फक्त मॅनेजर आहे, ते पैसे ताळेबंदाच्या बाहेर. आमच्या मूळ कंपनीचा हिशोब मात्र आयएफआरएसवर, म्हणजे अकाउंटिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर आहे, त्यामुळं तिकडं पाठवताना तोच तिसरा कप्पा उचलून देण्यांत टाकायचा. एकाच महिन्यात एकाच माणसाची ठेव मी दोनदा दोन जागी दाखवतो. मजा म्हणजे इथली ठेव-संरक्षण योजना पण नावातच दोन्ही वेगळं लिहिते, ठेवी आणि अनिर्बंध गुंतवणूक खाती, संरक्षण दोन्हीला २० हजार दिनारपर्यंत.

बरं, आता मुद्द्यावर येतो.

यंदा जानेवारीत बँकेनं जनरल लेजरचे, म्हणजे मुख्य खातेवहीतल्या खात्यांचे कोड बदलले. नवीन सिस्टीम, नवीन ग्रुप. आधी पूलवर पडणारा खर्च मी एकेक खात्यातून उचलायचो, वकिलाची फी, घराचं मूल्यांकन, गाड्या-घरांचा तकाफुल म्हणजे विमा, नोंदणीची फी. नवीन सिस्टीममध्ये ह्या सगळ्यांचा एक ग्रुप झाला, फायनान्सिंगचा खर्च. मी खूश, एक फॉर्म्युला टाकला, ग्रुपची बेरीज आपोआप येते. डिसेंबरमध्ये खर्च होता १४ हजार, जानेवारीत आला २० हजार. मला दिसलं ते. मी कमेंट पण टाकली शीटमध्ये, कायदेशीर केसेस वाढल्या असाव्यात अशी. असाव्यात! विचारलं नाही कुणाला. फेब्रुवारीत २०, मार्चमध्ये २०, आणि तोपर्यंत २० हाच नॉर्मल आकडा झाला, मागच्या महिन्याशी तुलना केली की फरक शून्य, सगळं हिरवं.

जूनमध्ये शरिया ऑडिट आलं. बाहेरचं ऑडिट वेगळं, हे बँकेचंच अंतर्गत, पण रिपोर्ट मॅनेजमेंटला न जाता शरिया बोर्डाकडं जातो, म्हणजे बँकेचं काम इस्लामी नियमांत बसतं का ते बघणाऱ्या जाणकारांच्या मंडळाकडं. एक तरुण पोरगा होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला, चहा पण नको म्हणाला. त्यानं त्या २० हजारावर क्लिक केलं, खाली गेला, अजून खाली गेला, आणि एका ओळीवर थांबला. ६ हजार, वर्णन सॅलरीज. मला विचारलं ही कोण माणसं? मी म्हटलं माहिती नाही, बघतो. बघितलं तर रिकव्हरी डिपार्टमेंटचे पगार. थकलेले हप्ते वसूल करणारे लोक. नवीन कोड देताना कुणीतरी विचार केला असणार की वसुली म्हणजे फायनान्सिंगशी संबंधित, टाका त्या ग्रुपमध्ये, आणि माझा फॉर्म्युला ते गपगुमान पूलवर टाकत होता, जानेवारी ते मे.

त्यानं काही आरडाओरडा केला नाही. फक्त कराराची प्रत काढली आणि एक कलम दाखवलं, पूलवर फक्त थेट खर्च पडेल, कर्मचाऱ्यांचे पगार आणि ऑफिसचा खर्च मुदारिबचा. मी ते कलम आठ वर्षांत किती वेळा वाचलं असेल.

मला त्याच क्षणी खळं आठवलं. वाटेकऱ्यानं रास पडल्यावर आधी स्वतःची मजुरी पोत्यानं काढून घेतली आणि मग म्हणाला चला आता अर्धं अर्धं करू, तर? आमच्या आईनं त्याला उभा पण केला नसता दारात. कष्टाचा मोबदला म्हणूनच तर अर्धी रास देतो ना त्याला, परत मजुरी कसली. बँक ४० टक्के घेते ते सांभाळायचे, वसुली करणं हा सांभाळण्याचाच भाग, त्याचे पगार परत पूलमधून घेतले म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. आणि हे करणारा मी होतो, अर्धलीच्या भांडणात वाढलेला.

बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. त्यांचे आजोबा सुदानमधल्या गेझिरा स्कीमवर कापूस करायचे, नाईलच्या पाण्यावर १९२५ ला सुरू झालेली ती मोठी योजना, सरकारला ४० टक्के, शेतकऱ्याला ४०, चालवणाऱ्या कंपनीला २०. तिथं एक जॉइंट अकाउंट असायचं, बियाणं, फवारणी, जिनिंग असला खर्च आधी सगळ्यांच्या एकत्र कापसातून वजा करायचे आणि मग वाटणी. त्या म्हणाल्या आजोबा मरेपर्यंत एकच म्हणायचे, कापूस मला दिसतो, खर्च मला दिसत नाही. मग चष्मा लावला आणि म्हणाल्या चल, पाच महिने परत काढू.

परत काढणं म्हणजे काय ते ऐका. महिन्याचे ६ हजार पूलला परत. त्यातले २० टक्के म्हणजे १२०० बँकेच्या स्वतःच्या पैशावरचे, ते बँकेचेच. राहिले ४८००, त्यातला ४० टक्के मुदारिबचा वाटा, १९२०, तो पण बँकेचाच. म्हणजे ठेवीदारांचे खरे गेलेले महिन्याला २८८०, पाच महिन्यांचे १४ हजार ४०० दिनार. १० कोटीच्या पूलपुढं हे काहीच नाही. बाहेरच्या ऑडिटरनी बघितलं असतं तर मटेरियल नाही, म्हणजे दखल घेण्याइतकी मोठी रक्कम नाही, म्हणून सोडून दिलं असतं बहुतेक. मीटिंगमध्ये एका साहेबांनी हे बोलून पण दाखवलं, आणि वर हे पण की रिकव्हरीवाले काही स्वतःसाठी वसूल करत नाहीत, ठेवीदारांचेच पैसे आणतात, मग खर्च त्यांच्यावर का नको. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता हो. करारात तसं आधी लिहिलं असतं आणि बोर्डानं मान्य केलं असतं तर वेगळी गोष्ट होती. पण लिहिलेलं नव्हतं. शरिया बोर्डाच्या शेखसाहेबांनी मटेरियल हा शब्द ऐकून घेतला आणि विचारलं की हे १४ हजार बँकेचे नाहीत हे तर ठरलं ना? ठरलं. मग कुणाचे? त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग सुरू झाला खरा त्रास. १४,४०० दिनार ३१ हजार खात्यांत वाटायचे. एकरकमी आजच्या बॅलन्सवर वाटून चालत नाही, ज्या महिन्यात ज्याचे जेवढे पैसे होते त्या महिन्याचं त्याला. पाच महिन्यांचे रोजचे बॅलन्स परत काढले. त्यात वेटेज. बचत खात्याला कमी वेट, तीन महिन्यांच्या ठेवीला थोडं जास्त, बारा महिन्यांच्या ठेवीला पूर्ण १, कारण जास्त दिवस बांधलेला पैसा धंद्याला जास्त उपयोगी. मार्चमध्ये आमच्याकडं सेव्हिंगचं वेट बदललं होतं, ते मी विसरलो आणि एक पूर्ण शुक्रवार वाया गेला, शुक्रवार म्हणजे इथं सुट्टी, शुक्र-शनि. शेवटी आकडे जुळले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि ऑफिसचा एसी बंद केलेला, जुलैमधलं बहरीन, सांगायची गरज नाही. बऱ्याच लोकांच्या वाट्याला अर्ध्या दिनारपेक्षा कमी आले, काहींना १२ फिल्स. १२ फिल्समध्ये इथं काय येतं, काही येत नाही.

आणि बंद झालेली खाती. पाच महिन्यांत साडेनऊशे लोक खातं बंद करून गेलेले, त्यातले निम्मे तरी नोकरी संपवून आपापल्या देशाला. मला वाटलं हे सरळ चॅरिटीत जातील, कारण मला चॅरिटीच्या खात्याची सवय. शेखसाहेबांनी नाही म्हटलं. दंडाचे पैसे चॅरिटीला जातात कारण ते कुणाचेच होऊ शकत नाहीत, हे पैसे माणसांचे आहेत, माणसं माहितीयेत, आधी शोधा. त्यामुळं आता देण्यांमध्ये एक वेगळं खातं उघडलंय, ९५० नावं, आणि कॉल सेंटरची एक मुलगी रोज वीस-पंचवीस ईमेल पाठवते. एकाचं उत्तर आलं केरळातून, की कृपया माझ्या नावानं स्कॅम करू नका.

एंट्री साधी होती. बँकेच्या खर्चात पगार परत आले, ठेवीदारांच्या कप्प्यात १४,४०० जमा, जाहीर केलेल्या टीपांमध्ये दोन ओळी. माझ्या अप्रेझलमध्ये पण दोन ओळी आल्या, त्या इथं लिहीत नाही.

आता हे सगळं मी का लिहायला बसलो तर चाचांमुळं. खेड तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्यातले, इथं पस्तीस वर्षं, आधी गोदीवर होते, आता एका गॅरेजचं स्टोअर बघतात. आमच्याच बँकेत त्यांची ६ हजार दिनारची बारा महिन्यांची ठेव, पोरीच्या लग्नासाठी. दर वेळी भेटले की विचारायचे, भाऊ रेट किती आहे आता, आणि मी म्हणायचो चाचा रेट नसतो, अपेक्षित नफा असतो, आणि ते म्हणायचे हो हो तेच, किती आहे? ३ म्हटलं की मान हलवायचे. जुलैअखेरीस त्यांचा फोन आला.

"भाऊ, बँकेतनं १ दिनार २०० फिल्स आलेत. मेसेजमध्ये लिवलंय करेक्शन. चुकून आलेत काय? मी खर्च करू का ठेवू?"

मी म्हटलं चाचा तुमचेच आहेत, खर्च करा. मग त्यांना सगळं सांगितलं, रिकव्हरीवाल्यांचे पगार, पाच महिने, रास, मजुरी. कोकणातला माणूस, वाट्याची शेती त्यांना समजावून सांगावी लागत नाही. फोनवर थोडा वेळ गप्प. मला वाटलं आता बँकेला शिव्या घालणार.

"म्हंजे जानेवारीपासनं आमचे पैसे तुमच्याकडं होते."

"हो."

"आणि तुम्ही ते धंद्यात लावलेले."

"हो, पूलमध्येच असणार."

"मग त्याचा नफा?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं बघून सांगतो. सहकारी बँकेत असतो तर एका मिनिटात सांगितलं असतं, उशिराचं व्याज, अमुक टक्के, दिवस मोजा. इथं उशिराबद्दल काही देता येत नाही, ते व्याजच झालं. पण चाचा व्याज मागतच नव्हते. ते म्हणत होते की माझे पैसे पूलमध्ये राबले, राबल्याचा वाटा द्या, आणि हे तर मुदारबाच झालं. उलट बाजू अशी की नफा खात्यात जमा झाल्यावर निम्मे लोक तो काढून घेतातच, मग तो पूलमध्ये राहिला असता असं कसं धरायचं? चाचा कधी काढत नाहीत हे मला माहितीये, पण शीटला माहिती नाही. शीटला मात्र हे माहितीये की पाच महिन्यांत कुणी नफा काढला आणि कुणी ठेवला, तो डेटा आहे.

दुसऱ्या दिवशी अंदाजानं काढलं, सरासरी चार महिने उशीर धरला, महिन्याला पाव टक्का, १४,४०० वर १४४ दिनार. चाचांच्या वाट्याला १२ फिल्स.

बाईंना दाखवलं. त्यांनी आकडा बघितला, कपातलं आल्याचं पाणी संपवलं आणि म्हणाल्या मेमो लिही, दोन्ही बाजू लिही, बोर्डाला पाठवू. पाठवलाय. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे आणि चाचांनी कालच परत विचारलं.